राऊटरची किल्ली मालकाच्याच हाती हवी

दुकानाचे कुलूप आपण स्वतः लावतो. नोकर कितीही इमानदार असला तरी गल्ल्याची किल्ली रात्री मालकाच्याच खिशात असते. मात्र ज्या यंत्रातून आपला सारा हिशेब ये-जा करतो, त्या राऊटरची किल्ली कोणाकडे आहे असे विचारले, तर बहुतेक व्यापारी बांधव 'बसवणाऱ्या माणसाकडे' असेच उत्तर देतील. ही गोष्ट धंद्याच्या दृष्टीने धोक्याची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू झाला. 1 एप्रिल 2018 पासून परराज्यातून येणाऱ्या मालासाठी ई-वे बिल आले. तेव्हापासून आटपाडीसारख्या माणदेशातील गावातही कापडाचा धंदा इंटरनेटशिवाय चालेनासा झाला. माल इचलकरंजीचा असो, मालेगावचा असो की सुरतेचा, त्याचा कागद आता तारेवरून येतो. दुकानातील बिलाचे संगणक, गोदाम, कॅमेरे, कार्डाचे मशीन आणि वर गिऱ्हाइकांचे मोबाइल, एवढा भार घरगुती डबीला झेपत नाही. म्हणून मोठ्या कचेऱ्यांत असतो तसा राऊटर आता तालुक्याच्या बाजारपेठेतही येऊ लागला आहे.

आमच्या दुकानात एका कारागिराने असा राऊटर बसवला. तासाभरात काम झाले, पैसे चुकते केले, काही महिने सुखाने गेले. पुढे रमजान ईद चार दिवसांवर असताना वीज गेली, बॅटरीही उतरली. वीज परत आली तेव्हा राऊटर कोरा झालेला. कारागिराचा फोन लागेना आणि त्याने आत काय काय भरले होते, याचा एक कागदही आमच्याकडे नव्हता. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेले आणि बिले मात्र हाताने फाडायची, अशी वेळ आली.

असे का झाले, ते नंतर उमगले. अशा राऊटरला दोन वह्या असतात, एक कच्ची आणि एक पक्की. आपण दिलेला हुकूम आधी कच्च्या वहीत उतरतो आणि लगेच अमलात येतो. म्हणून काम झाले असे वाटते. पण तो पक्क्या वहीत चढवण्याचा हुकूम वेगळा द्यावा लागतो. तो दिला नाही, तर वीज जाताच कच्ची वही पुसली जाते. कारागीर नेमका तेवढाच हुकूम विसरला होता.

त्या रात्री तरावीहनंतर मी आणि माझा पुतण्या राऊटर समोर घेऊन बसलो. माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, इंग्रजीची धास्ती आजही आहे. परंतु लागणारे हुकूम पंधरा-वीसच निघाले. मी ते एकेक करून वहीत उर्दूत लिहून घेतले आणि समोर अर्थ मांडला. पहिली अडचण तारेची. राऊटरच्या कन्सोल नावाच्या तोंडाला संगणक जोडला, तर पडद्यावर भलतीच अक्षरे उमटू लागली. संगणकाचा वेग 9600 वर आणला तेव्हा मजकूर वाचता आला. मग 192.168.10.1 हा दुकानातील पत्ता दिला, इंटरनेट कंपनीने दिलेले आकडे भरले, तरी तार मुकीच. अशा राऊटरची तोंडे बहुधा कारखान्यातून बंदच येतात आणि ती उघडण्याचा हुकूम आहे 'नो शटडाउन', म्हणजे 'बंद ठेवू नकोस'. या एका हुकमासाठी आमचा तास गेला. सहरीच्या वेळेला दुकानाचा संगणक बाहेरच्या जगाशी बोलू लागला. सर्वांत शेवटी सारे पक्क्या वहीत चढवले, राऊटर मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू केला आणि सर्व जागेवर आहे याची खात्री करून घेतली.

काही बांधव म्हणतील, ज्याचे काम त्याने करावे, कापडवाल्याने या भानगडीत का पडावे? आक्षेप रास्त आहे. आपण माग चालवत नाही, पण ताग्याला बोट लावून सूत ओळखतो, म्हणूनच फसत नाही. तेवढीच ओळख येथे हवी. कारागिराला जरूर बोलवावे, परंतु काम होताना शेजारी बसावे. एकदा तरी स्वतःच्या हाताने सारे भरून पाहावे.

आज जगात काय चालले आहे, तेही लक्षात घ्यावे. 2016 साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने लाखो कॅमेरे व राऊटर ताब्यात घेतले. त्यासाठी त्याने कोणतेही कुलूप फोडले नाही. कारखान्यातून आलेले पासवर्ड मालकांनी बदललेच नव्हते, तेच त्याने वापरून पाहिले. जून 2017 मध्ये युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून दुसरा एक घातक प्रोग्राम पसरला. तो मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यातून थेट आपल्या न्हावाशेव्याच्या बंदरापर्यंत पोहोचला आणि तेथील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. एका खोलीची आग दुसऱ्या खोलीत जाऊ नये म्हणून मध्ये भिंत लागते. दुकानातही कॅमेरे आणि गिऱ्हाइकांचे मोबाइल एका भागात, हिशेबाचे संगणक दुसऱ्या भागात, अशी भिंत याच राऊटरमध्ये घालता येते. मात्र ती मागून घ्यावी लागते.

आमच्या खानापूर-आटपाडी भागातील गलाई बांधव देशभर सोने-चांदी शुद्ध करण्याचा धंदा करतात. दुसऱ्याचे सोने हाती घेणारा माणूस आपली भट्टी भलत्याच्या भरवशावर सोडत नाही. आपल्या संगणकातील उधारीही तशीच पराई अमानत आहे. कोणत्या घराकडे किती बाकी आहे, कोणाच्या लेकीच्या लग्नाचे कापड उधारीवर गेले, हे सारे त्यात आहे. पवित्र कुरआनच्या सूरह बकरामधील 282 व्या आयतीत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. लिहिणे आले, तिथे लिहिलेले जपणेही आले.

म्हणून व्यापारी बांधवांना चार गोष्टींची विनंती आहे. कारखान्याचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि नवा आपल्याकडे ठेवावा. बाहेरून राऊटर चालवण्याची वाट गरज नसेल तर बंद करावी. भरलेल्या सर्व आकड्यांची एक नक्कल पेनड्राइव्हवर व एक कागदावर तिजोरीत ठेवावी. आणि काम संपल्यावर कारागीर निघण्यापूर्वी त्याच्यासमोर वीज एकदा बंद करून पाहावी. ही शेवटची परीक्षा दोन-चार मिनिटांची आहे. आम्ही ती घेतली नाही आणि ऐन ईदच्या बाजारात त्याची किंमत मोजली.

गावोगावी आपली मुले डिप्लोमा घेऊन कामाच्या शोधात आहेत. बाजारपेठेतील दहा दुकानदारांनी मिळून अशा एका मुलाला हे काम दिले, तर त्याला रोजगार मिळेल आणि आपल्याला अडचणीत धावून येणारा जवळचा माणूस मिळेल. परंतु तिजोरीतला तो कागद तेव्हाही मालकाकडेच असावा.