वॉकरबरोबर चालणंही शिकवा

मा. अधिष्ठाता,
पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, बारामती



मी इंदापूर तालुक्यातल्या एका वस्तीवर राहते. २०१९ साली आपलं महाविद्यालय सुरू झालं, तेव्हापासून आमच्या भागातली माणसं मोठं दुखणं आलं की पुण्या-सोलापूरच्या आधी बारामतीचा विचार करू लागली. म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे. विषय ऑपरेशनचा नाही, त्यानंतरच्या चालण्याचा आहे.

आमच्याकडे म्हातारी माणसं पडतात ती न्हाणीत, गोठ्यात, नाहीतर पावसाळ्यात वस्तीच्या काळ्या चिखलात. खुबा मोडतो. मग रॉड टाकतात किंवा बॉल बसवतात, आणि ते काम डॉक्टर चोख करतात. पण घरी आलेला माणूस पुन्हा अंगणात येणार की कॉटला खिळणार, हे पुढच्या थोड्या आठवड्यांत ठरतं. त्या आठवड्यांत त्याच्याजवळ असते सून, लेक किंवा बायको. तिला कुणी काही शिकवलेलं नसतं.

आमच्या आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, खुब्याचं ऑपरेशन एका दवाखान्यात झालं. डिस्चार्जच्या दिवशी औषधांच्या पिशवीबरोबर खोक्यातला वॉकर हातात पडला आणि आम्ही गाडीत बसलो. वॉकरच्या पायांना बटणं असतात, ती दाबून उंची कमी-जास्त करता येते, हे कुणी सांगितलं नाही. आत्याबाई उंच बांध्याच्या आणि वॉकर सगळ्यात खालच्या भोकावर. त्या कमरेत वाकून चार पावलं टाकायच्या, दम लागला की कॉटवर टेकायच्या. हळूहळू टेकूनच राहिल्या. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "आता कशाला उठवताय? पडू द्या निवांत."

माकडहाडावर लाल चट्टा दिसला, तेव्हा नात्यातल्या एक निवृत्त सिस्टर बघायला आल्या. त्यांनी आत्याबाईंना ताठ उभं केलं, हात सैल सोडायला लावले आणि वॉकरची मूठ मनगटाच्या रेषेवर येईपर्यंत चारही पाय वाढवले. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहिलं. मग सांगितलं, आधी वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग बरा पाय. उठताना वॉकर ओढायचा नाही, कॉटच्या कडेवर हात रेटून उठायचं. मला म्हणाल्या, "दंडाला धरून उचलू नकोस गं, त्यांचा खांदा जाईल आणि तुझी कंबर. दुखऱ्या बाजूला जरा मागे उभी राहा, कमरेला धर." सगळं मिळून अर्धा तास लागला असेल. त्याच संध्याकाळी आत्याबाई ओसरीवर येऊन बसल्या.

डॉक्टरसाहेब, हा अर्धा तास दवाखान्यातच का मिळू नये?

पडून राहिल्यानं माणूस बरा होतो, ही समजूत आमच्या घराघरांत पक्की आहे. पण अंथरुणात पडून राहण्याचे धोके ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड ॲशर यांनी १९४७ सालीच लिहून ठेवले होते. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धडधाकट ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं, तर त्यांच्या पायांचं मांस सरासरी किलोभराच्या आसपास घटलं. ती निरोगी माणसं होती. मग ऑपरेशन झालेल्या, आधीच अंगावर मांस नसलेल्या आमच्या म्हातारीचं काय होत असेल? शिवाय पाठीच्या जखमा, छातीत साठणारा कफ, पायाच्या शिरेत होणारी रक्ताची गाठ. हे आपल्याला मी सांगायला नको. पण नातेवाइकांना कुणीतरी सांगायलाच हवं, आणि वॉर्डातल्या सिस्टरचं ते जितकं ऐकतात तितकं दुसऱ्या कुणाचं ऐकत नाहीत.

सिस्टरांवर कामाचा किती भार असतो, ते मी कॉटशेजारच्या स्टुलावर बसून पाहिलं आहे. एकेका सिस्टरच्या वाट्याला किती पेशंट येतात! त्यामुळे हे काम त्यांच्या अंगावर वरून टाकून भागणार नाही. फिजिओथेरपीचे लोक, सिस्टर आणि वॉर्डातल्या मावशी-मामा यांनी ते वाटून घ्यावं लागेल. ताप आणि बीपी जसं रोज कागदावर चढतं, तसं 'आज उठून बसला का, किती चालला' हेही चढावं. जे लिहिलं जातं, त्याची राउंडला चौकशी होते.

डिस्चार्ज कार्डावर सही होण्याआधी वॉकर, काठी किंवा कुबड्या त्या माणसाच्या मापाच्या करून द्याव्यात. घरी सांभाळणाऱ्या बाईकडून सगळं एकदा करवून घ्यावं. नुसतं सांगून होत नाही. आमच्या घरांना उंबरठे असतात, पायऱ्या असतात. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी, हे एका पायरीवर दाखवता येतं. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची, कुबडीचा भार बगलेत न घेता तळहातावर घ्यायचा, खालचं रबर झिजलं की बदलायचं. बॉल बसवलेल्याला उकिडवं बसू द्यायचं नसेल, तर कमोडच्या खुर्चीची सोय ऑपरेशनच्या आधीच करायला सांगावी. घरी पोचल्यावर संडासाच्या दारात उभं राहून धावाधाव करण्यात काय अर्थ आहे?

साहित्याला आता पूर्वीइतकी अडचण राहिलेली नाही. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, आपल्या भागात तिची शिबिरंही झाली. राज्याच्या २०२४ च्या योजनेत ६५ वर्षांवरच्या गरजू ज्येष्ठांना तीन हजार रुपये खात्यावर देण्याची तरतूद आहे. ज्येष्ठांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमाच्या यादीत तर उपकेंद्रावरसुद्धा काठ्या आणि वॉकर ठेवायला सांगितलं आहे. वस्तू घरात आली आणि ती वापरायची रीत आली नाही, तर वॉकरवर टॉवेल वाळत पडतात. मी ते बऱ्याच घरांत पाहिलं आहे. डिस्चार्जची एक चिठ्ठी गावच्या आशाताईंकडे आणि उपकेंद्रात गेली, तर आठवड्याभरात कुणीतरी येऊन चाल बघेल.

आणखी एक मागणं. म्हाताऱ्या माणसाला विचारा, तुम्हाला कुठवर चालायचंय? आषाढीआधी तुकोबांची पालखी बारामती, सणसर, बेलवाडीच्या रिंगणावरून इंदापूरला जाते. आमच्याकडच्या कितीतरी बायकांना फक्त रस्त्याच्या कडेपर्यंत जाऊन उभ्याउभ्या दर्शन घ्यायचं असतं. तेवढ्यासाठी त्या रोज ओसरीवर फेऱ्या मारतील. 'व्यायाम करा' म्हटल्यावर हलणार नाहीत.

सगळ्या दवाखान्यात एकदम होणार नाही, हे मान्य. अस्थिरोग विभागाच्या एका वॉर्डापासून सुरुवात करा. आम्हा घरच्या बायकांना दुपारची एक वेळ ठरवून द्या. आम्ही डबा घेऊन येतोच, शिकायलाही थांबू.

आपली,
इंदापूर तालुक्यातील एक शेतकरी गृहिणी