समुद्रकिनाऱ्याचे रेशनिंग

मार्सेलिस हे नाव उच्चारताच मराठी माणसाला ८ जुलै १९१० ची सावरकरांची उडी आठवते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात, त्या शहराच्या पूर्वेस कासिस गावाजवळच्या पोर-मियू खाडीकाठी आणखी एक घटना घडली होती. खाडीचे कडे फोडणाऱ्या दगडखाणीविरुद्ध गिरिभ्रमण मंडळांचे सभासद व सामान्य नागरिक तेथे एकत्र जमले आणि हा किनारा एका कारखानदाराचा नसून सर्वांचा आहे, असे त्यांनी जाहीरपणे बजावले. ती मागणी कायद्यात उतरावयास एक शतक लागले. कालांक राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले ते १८ एप्रिल २०१२ रोजी.

कालांक म्हणजे चुनखडीच्या उंच पांढऱ्या कड्यांमध्ये घुसलेली समुद्राची चिंचोळी खाडी. अशा अनेक खाड्या, त्यांवरील डोंगर, समोरील बेटे व भोवतालचा समुद्र मिळून हे उद्यान झाले आहे. जमीन सुमारे ८५ चौरस किलोमीटर, तर समुद्र त्याच्या पाचपट. आठ लाखांहून अधिक वस्तीच्या शहराला ते इतके चिकटून आहे की, ल्युमिनी येथे शहर बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरावे आणि विद्यापीठाच्या आवारामागून निघणाऱ्या पाऊलवाटेने चालत समुद्र गाठावा. ही वाट सुझितों नावाच्या खाडीकडे जाते.

सर्वांचा किनारा सर्वांनी एकाच दिवशी वापरावयाचा ठरविला म्हणजे काय होते, हे सुझितोंने पाहिले. उन्हाळ्यातील गर्दीच्या दिवशी तेथे अडीच हजारांपर्यंत माणसे उतरू लागली. पायांखाली माती सुटली, पाईन वृक्षांची मुळे उघडी पडली आणि नवी रोपे धरेनाशी झाली. उद्यानाने प्रथम एक गमतीदार उपाय करून पाहिला. पाणी थंड आहे, चढ दमविणारा आहे, गर्दी फार आहे, अशी स्वतःच्याच किनाऱ्याची उणी बाजू तो पर्यटकांपुढे मांडू लागला. आपल्याकडील पर्यटन खात्यांना हे वाचून मूर्च्छाच येईल! अखेर २०२२ च्या उन्हाळ्यात गर्दीच्या दिवसांसाठी नियम झाला. दिवसाला फक्त चारशे माणसे, तीही आगाऊ परवाना घेऊन. परवाना विनामूल्य. विनापरवाना सापडल्यास ६८ युरो दंड.

अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही शिकवितो की, वस्तू दुर्मिळ झाली की तिची किंमत वाढू द्यावी. मागणी आपोआप आवरते. मग सुझितोंला तिकीट का नको? या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. पहिले सर्वपरिचित आहे. वीस युरोंचे तिकीट दूरदेशीच्या प्रवाशाला जाणवतही नाही. मार्सेलिसच्या उत्तरेकडील गरीब वस्त्यांतील चौघांच्या कुटुंबाला मात्र तेच तिकीट समुद्राचा रस्ता बंद करते. गर्दी कमी होते हे खरे, पण ती कोणाची, हेही पाहिले पाहिजे. दुसरे उत्तर आमच्या मते अधिक महत्त्वाचे असून त्याची चर्चा क्वचितच होते. तिकिटावर पोसली जाणारी संस्था गर्दीचा कायमचा शत्रू राहू शकत नाही. आज चारशे, उद्या तूट आली म्हणून सहाशे, परवा विशेष दराने आणखी दोनशे! ज्याच्या मिळकतीचा आधार पाहुण्यांची संख्या आहे, त्याच्याच हाती ती संख्या रोखण्याचा अधिकार देणे हे राखणदाराला फळांवर दलाली देण्यासारखे आहे. परवान्यावर उद्यान एक युरोही मिळवीत नाही, म्हणूनच चारशेचा आकडा मातीच्या सोसण्यावरून ठरू शकतो.

अर्थात विनामूल्य म्हणजे समान, असे मानण्याचे कारण नाही. परवाना तीन दिवस आधीपासून संगणकावर किंवा दूरध्वनी-संचावर काढावा लागतो. ज्याला आपली सुटी आधी ठाऊक असते, तो पुढे राहतो. पाळीवर काम करणाऱ्या कामगाराला रविवार मोकळा मिळणार की नाही हे शनिवारी कळते, तेव्हा परवाने संपलेले असू शकतात. शिवाय फुकट मिळालेला परवाना न वापरणाऱ्याचे काही जात नाही. रेल्वे आरक्षणाच्या खिडकीवर आयुष्याची काही वर्षे काढलेल्या आपल्या वाचकांना हे दोष समजावून सांगावयास नकोत. तथापि हे दोष वाटपाच्या तपशिलाचे आहेत, तत्त्वाचे नव्हेत.

तत्त्वाचा प्रश्न निराळाच आहे, आणि तो समुद्राच्या तळाशी आहे. गार्दान येथील ॲल्युमिना कारखान्याने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २०१५ च्या अखेरीपर्यंत, बॉक्साइटमधून उरणारा लाल चिखल नळावाटे कासिससमोरील खोल सागरी घळईत सोडला. एकूण दोन कोटी टनांहून अधिक. उद्यान झाले तेव्हा ही घळई त्याच्या हद्दीत आली, तरी नळ चालूच होता. चिखल थांबल्यावर द्रवरूप सांडपाणी सोडू द्यावे की नाही, हा प्रश्न २०१४ मध्ये आला, तेव्हा उद्यानाच्याच संचालक मंडळाने अटी घालून अनुकूल मत दिले. शेकडो कामगारांच्या रोजगाराचा प्रश्न होता, आणि तो खोटा नव्हता. पण मुळे तुडवू नयेत म्हणून विद्यार्थ्याला चारशेच्या यादीत बसविणारी संस्था कारखान्याच्या बाबतीत मात्र संख्या, मुदत व वाटाघाटी यांच्या भाषेत बोलते, हे त्या शहरातील माणसाच्या नजरेतून कसे सुटावे?

चालणाऱ्यांवरील निर्बंध म्हणून सैल करावा, असे आमचे म्हणणे नाही. मुळे उघडी पडली आहेत ती पडलीच आहेत. मात्र तो टिकावयाचा असेल, तर चारशेपैकी काही परवाने शहराच्या उत्तरेकडील शाळांसाठी व आयत्या वेळी येणाऱ्यांसाठी बाजूला ठेवले पाहिजेत, आणि वाटेवरील माणसे जशी रोज मोजली जातात तशीच घळईच्या पाण्याची मोजणीही ल्युमिनीच्या बस थांब्यावर फलकावर लावली पाहिजे.