पटाभोंवतीं कोण बसणार आहे?

सुट्टी तोंडावर आली, म्हणजे अलीकडे घरोघरीं एका नव्या खरेदीची चर्चा होऊं लागली आहे. मुलांना बैठ्या खेळाची एखादी पेटी हवी असते. पूर्वीं सोंगट्यांचा पट, बुद्धिबळें आणि पत्त्यांचा एक जोड घरांत असला, म्हणजे काम भागत असे. निवडीचा प्रश्नच उद्भवत नसे. आतां मोठ्या शहरांतील दुकानांत पाऊल टाकावें, तों परदेशी खेळांच्या रंगीबेरंगी पेट्यांची उतरंड समोर उभी राहते. कित्येकींची किंमत हजारांच्या घरांत असते. बहुतेक वेळां वरचें चित्र पाहून किंवा मुलाच्या हट्टास्तव पेटी विकत घेतली जाते, एक-दोनदां मांडली जाते, आणि पुढें माळ्यावर जाऊन पडते. पैसे वायां गेल्याची हळहळ वाटते, ती योग्यच आहे. परंतु चुकीच्या खेळानें त्याहून अधिक नुकसानही होऊं शकतें, हें मी आमच्या पणदऱ्याच्या घरीं पाहिलें आहे.

बारामती तालुक्यांतील पणदरे हें माझें सासर. नीरेच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर येथें ऊंस पिकतो. वडील दीर गांवीं राहून शेत पाहतात, धाकटे पुण्यास नोकरी करतात, आणि मधले ते आमच्या घरचे. मामंजी निवर्तल्यावर शेताच्या वांटणीची गोष्ट निघाली. चारीलगतचा तुकडा कोणाच्या वांट्यास जावा, येथें ती अडली, ती अडलीच. उघड भांडण कोणी केलें नाहीं. आमच्या घराण्यांत आवाज चढवण्याची रीत नाहीं. माणसें बोलायचींच थांबतात. दिवाळीस सारे नेमाप्रमाणें जमले खरे, पण दोघां भावांचें बोलणें 'पाट घे' आणि 'दिवा मालव' एवढ्यावर येऊन ठेपलें होतें.

भाऊबीजेच्या संध्याकाळीं सर्वांना एका ठिकाणीं बसवावें, म्हणून मीच पुतण्याला 'व्यापार' मांडावयास सांगितलें. हेतु शुद्ध होता, निवड मात्र घातक ठरली. या खेळांत पटावरील जागा विकत घ्यावयाच्या, त्यांवर घरें बांधावयाचीं, आणि जो कोणी तेथें येईल त्याजकडून भाडें वसूल करावयाचें. फाशांनीं धाकट्या भाऊजींवर कृपा केली. तास-दीड तासांत पटाची एक बाजू त्यांची झाली, आणि वडील भाऊजी पाऊल टाकतील तेथें भाडें भरूं लागले. अखेर उरलेल्या नोटा पटावर ठेवून ते शांतपणें म्हणाले, "कागदावरची जमीनसुद्धां यालाच लागते." कोणी कांहीं बोललें नाहीं. "पानें वाढलीं आहेत, उठा," असें म्हणून सासूबाईंनीं वेळ मारून नेली. दहा वर्षांचा पुतण्या मात्र आपलेंच कांहीं चुकलें असें समजून, पेटी आवरतां आवरतां रडूं लागला. चूक त्याची नव्हती, माझी होती.

पुढें मीं या खेळाचा इतिहास वाचला आणि थक्क झालें. एलिझाबेथ मॅगी नांवाच्या एका अमेरिकन बाईंना १९०४ सालीं 'लँडलॉर्ड्स गेम' या खेळाचें पेटंट मिळालें. या बाई हेन्री जॉर्ज या अर्थशास्त्रज्ञाच्या मताच्या. जमीन ज्याच्या हातीं, त्याच्याकडे भाड्याच्या रूपानें सर्वांचा पैसा कसा वाहत जातो आणि इतर कसे कफल्लक होतात, हें लोकांना प्रत्यक्ष दाखवावें, हा त्यांचा उद्देश. उत्पन्नाचा लाभ सर्वांस मिळावा, असे दुसरे नियमही त्यांनीं याच खेळासाठीं रचले होते. लोकांस रुचले ते मात्र पहिलेच. १९३५ सालीं पार्कर ब्रदर्स या कंपनीनें त्याच वंशांतील खेळ 'मोनॉपली' या नांवानें बाजारांत आणला, आणि आपला 'व्यापार' हा त्याचाच अवतार. तेव्हां आमच्या ओसरीवर जें घडलें, तें खेळ बिघडल्यामुळें नव्हे. खेळानें आपलें काम चोख बजावलें होतें.

यावरून मीं एक गोष्ट मनाशीं पक्की केली आहे. खेळ निवडणें म्हणजे माणसांना कोणत्या नात्यानें समोरासमोर बसवावयाचें, हें ठरवणें होय. हस्तिनापुरच्या द्यूतसभेची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों. तींत फाशांचा दोष असेल तितका असो. कोणाला कोणासमोर आणि कशासाठीं बसवलें, हा दोष अधिक मोठा होता. म्हणून पेटी हातीं घेण्यापूर्वीं पहिला प्रश्न हा विचारावा, कीं पटाभोंवतीं कोण बसणार आहे, आणि त्यांच्यामध्यें आधींच काय चाललें आहे.

दुसरा प्रश्न असा, कीं खेळ संपण्यापूर्वीं कोणी बाद होतो काय? 'व्यापारा'त ज्याचें दिवाळें निघालें, तो इतरांचें वैभव पाहत कोपऱ्यांत बसतो. लहान मुलाला हें असह्य होतें आणि वडील माणसाला अपमानकारक वाटतें. या बाबतींत जर्मनांचें अनुकरण करण्याजोगें आहे. तेथें कुटुंबांत बसून खेळावयाच्या उत्तम खेळाला १९७९ पासून दरसाल एक पारितोषिक देण्यांत येतें. तें मिळवणाऱ्या खेळांत मध्येंच कोणाला उठून जावें लागावें, असें क्वचितच घडतें. १९९५ सालीं हें पारितोषिक मिळवणारा 'कातान' हा खेळ क्लाउस टॉयबर यांनीं रचला. धंद्यानें ते दंततंत्रज्ञ होते. त्यांत एका बेटावर वसाहती वसवावयाच्या असतात. फांसे कोणीही टाकले, तरी त्या आंकड्याच्या शेतालगत ज्याची वसाहत असेल, त्याला पीक मिळतें. म्हणून दुसऱ्याच्या डावांतही आपलें लक्ष लागून राहतें. शिवाय लांकूड, विटा, लोंकर, धान्य आणि खनिज यांची आपसांत देवघेव केल्यावांचून फारसें पुढें जातां येत नाहीं. ज्याला दहा गुण पहिल्यानें मिळतील तो जिंकला. तोंवर सारे पटावरच असतात. मूळ पेटींत मात्र तीन किंवा चारच खेळाडूंची सोय आहे, हें घेण्यापूर्वीं ध्यानांत ठेवावें.

तिसरा प्रश्न नियमांचा. ज्या खेळाचे नियम सांगतां सांगतां चहा थंड होतो, तो खेळ पाहुणे आल्या दिवशीं काढूं नये. नियम ज्यानें आधीं वाचले असतील, त्यानेंच ते सांगावे, आणि पुस्तिका मोठ्यानें वाचून दाखवूं नये. सारे नियम एकदम सांगण्याऐवजीं एक हात उघड्या पानांनीं खेळून दाखवावा; मागाहून शंका आपोआप निघतात आणि फिटतात. 'कार्कासोन' हा क्लाउस-युर्गन व्रेडे यांचा २००० सालचा खेळ या दृष्टीनें नमुनेदार आहे. बहात्तर चौकोनी तुकडे. आपल्या पाळीस एक उचलावयाचा, आणि रस्त्याला रस्ता, तटाला तट जुळेल असा खालीं ठेवावयाचा. त्यावर आपलें माणूस ठेवावयाचें कीं नाहीं, एवढाच काय तो पुढचा विचार. तुकड्यांवर वाचावयाचें अक्षर एकही नाहीं. दोघांपासून पांचांपर्यंत कितीही जणांनीं बसावें. आजी आणि नात यांस एका पटावर बसवावयाचें असेल, तर मी हा खेळ निःशंकपणें सुचवीन.

अक्षरावरून चौथा प्रश्न निघतो, तो भाषेचा. पानांवर इंग्रजी मजकूर भरलेला असेल, तर घरांतील एखादें वडील माणूस किंवा मराठी शाळेंतलें मूल न बोलतां बाजूला सरकतें. त्यांनीं तक्रार केली नाहीं, म्हणून त्यांना वाईट वाटलें नाहीं, असें समजूं नये. परंतु येथें थोडी कल्पकता चालते. 'कोडनेम्स' नांवाच्या खेळाला २०१६ सालीं वर सांगितलेलें जर्मन पारितोषिक मिळालें. त्यांत पंचवीस शब्द मांडतात आणि दोन पक्ष करतात. आपल्या पक्षाचे शब्द कोणते, हें केवळ नायकाला ठाऊक असतें, आणि त्यानें एका शब्दाची खूण व एक आंकडा सांगून ते सोबत्यांकडून ओळखवावयाचे. आम्ही इंग्रजी पानें बाजूस ठेवून चिठ्ठ्यांवर मराठी शब्द लिहिले: पान, कर, वार, माळ, घाट, पाट. एका 'पान' शब्दांत झाड, पुस्तक, जेवण, पत्ते आणि विडा इतके अर्थ दडलेले! ज्या सासूबाई इंग्रजी पेटीला हात लावीत नसत, त्यांच्या पक्षांत बसण्यासाठीं मुलें भांडूं लागलीं.

पांचवा प्रश्न दैव आणि बुद्धि यांच्या प्रमाणाचा. बुद्धिबळांत दैवाला जागाच नाहीं. म्हणून बरोबरीच्या दोघांस तें अमृत, आणि नवशिक्यास शिक्षा. सापशिडींत सारें दैवच. म्हणून पांच वर्षांचें मूल आजोबांना हरवतें आणि आनंदतें, पण पंधरा वर्षांचा मुलगा जांभया देतो. वयांत अंतर असेल तेथें मधला मार्ग बरा.

हे प्रश्न नवे नाहींत. आपल्या मेंढीकोटाकडे पहा. चौघांनीं बसावयाचें, समोरचा तो आपला भिडू. चारी दश्श्या, म्हणजे मेंढ्या, आपल्याकडे आणण्यासाठीं त्या समोरच्या माणसावर विसंबावें लागतें. चाणाक्ष भिडू कच्च्याला सांभाळून घेतो, कोणी अध्यांत उठत नाहीं, आणि सारी सामग्री एका पत्त्यांच्या जोडाची. आपल्या आज्यांनीं दुपारच्या दुपारी या खेळावर घालवल्या, त्याला कारण होतें. सोंगट्यांचा पट तर परदेशीं जाऊन आला. पचिशीवरून साध्या केलेल्या लुडोचें पेटंट इंग्लंडांत १८९६ सालीं घेतलें गेलें, आणि तोच खेळ आज आपलीं मुलें नवा म्हणून खेळतात. नवी पेटी घेतांना जुन्या खेळांतील हे गुण तींत आहेत कीं नाहींत, एवढें पाहिलें तरी पुष्कळशी फसवणूक टळेल.

आतां पणदऱ्याची उरलेली हकीकत सांगून पुरी करतें. उन्हाळ्याच्या सुट्टींत सारे पुन्हां जमले. या वेळीं मीं मुठींत मावेल एवढी एकच लहान पेटी नेली होती. 'हानाबी' हें तिचें नांव; जपानी भाषेंत याचा अर्थ शोभेचें दारूकाम. आंत्वान बोझा या फ्रेंच गृहस्थांनीं तो खेळ रचला, आणि २०१३ सालीं त्याला तेंच जर्मन पारितोषिक मिळालें. पांच रंगांचीं पन्नास पानें. प्रत्येक रंगाचीं एकापासून पांचापर्यंत क्रमानें लावावयाचीं. मौज अशी, कीं प्रत्येकानें आपलीं पानें तोंड बाहेर करून धरावयाचीं. आपल्या हातांत काय आहे, तें आपल्याखेरीज सर्वांना दिसतें. दुसऱ्यानें 'तुझीं हीं दोन पानें पांढरीं' किंवा 'हें एक तिर्री' असें सांगावें, तेव्हांच आपल्याला कळावयाचें. खुणाही मोजक्या आठच. संपल्या, तर एखादें पान टाकून एक परत मिळवावी लागते. तीन चुका झाल्या, कीं डाव आटोपला. येथें कोणी कोणाविरुद्ध नाहीं. सारे मिळून जिंकावयाचें, किंवा सारे मिळून हरावयाचें.

दोघे भाऊजी, मी, पुतण्या आणि पुतणी असे पांचजण बसलों. हे मागें बसून पाहत होते. सासूबाईंना दिव्याच्या उजेडांत रंग नीट दिसेनात, म्हणून खुणांचा हिशेब त्यांच्याकडे दिला. पेटींतल्या चकत्या बाजूला ठेवून त्यांनीं आठ चिंचोके घेतले आणि चुकांसाठीं तीन कवड्या मांडल्या. पहिल्या डावांत वडील भाऊजी पुतण्यालाच तेवढ्या खुणा सांगत राहिले. धाकट्यांच्या हातांत लाल पंजा होता आणि तो त्यांना ठाऊक नव्हता. त्यांनीं तो टाकून दिला. त्या रंगाचा तो एकमेव पंजा. डाव फसला. "दादाकाका, तुम्हांला दिसत होतें, मग सांगितलें कां नाहीं?" असें पुतणीनें भाबडेपणानें विचारलें. भाऊजींनीं उत्तर दिलें नाहीं; पानें गोळा करून पिसावयास घेतलीं.

दुसऱ्या डावांत सासूबाईंच्या पुढ्यांत एकच चिंचोका उरला असतां वडील भाऊजी थांबले, धाकट्यांच्या पानांकडे बराच वेळ पाहिलें, आणि म्हणाले, "तुझें डावीकडचें पान पंजा आहे. जपून ठेव." पंचविसांपैकीं एकवीस गुण झाले. कोणी मोठासा आनंद केला नाहीं, पण तिसरा डाव मांडा, असें धाकटे भाऊजीच म्हणाले.

त्यामुळें वांटणी झाली, असें कृपा करून कोणी समजूं नये. चारीलगतच्या तुकड्याचा निकाल अजून लागावयाचा आहे, आणि तो पत्त्यांनीं लागणारही नाहीं. त्यासाठीं मोजणी, कागद आणि चार शहाण्या माणसांची बैठक लागेल. परंतु निघण्याच्या दिवशीं धाकटे भाऊजी गाडींत पिशव्या ठेवीत असतां वडील भाऊजी ओसरीवरून उतरून त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "पुढल्या आठवड्यांत पाण्याची पाळी आहे. रात्रींची आहे. येतां आलें तर ये."

ते गेले होते. येत्या दिवाळीस पेटी कोणती न्यावी, याचा विचार मीं आतांपासून चालवला आहे. 'व्यापार' मात्र माळ्यावरच राहील.