मावळची भाजी आणि तुंगार्लीचे ताट

लोणावळ्याहून परतणाऱ्या प्रवाशाच्या पिशवीत चिक्की ही असायचीच. शेंगदाणा आणि गूळ या दोन सकस वस्तूंचा हा पदार्थ प्रथम रेल्वेच्या कामावरील मजुरांचे खाद्य होता, असे सांगितले जाते. श्रमणाऱ्यांचे ते खाद्य आज पाहुण्यांची भेटवस्तू होऊन बसले आहे. एका पदार्थाचा हा प्रवास परिसराच्या साऱ्या अन्नव्यवहाराला लागू पडतो. तुंगार्लीचेच उदाहरण घ्यावे. येथे बंगले आणि हॉटेले वाढली. त्यांच्याबरोबर तेथे स्वयंपाक, झाडलोट, राखण करणाऱ्यांची कुटुंबेही वाढली. पाहुण्याला हवा तो पदार्थ हव्या त्या वेळी मिळतो. तो रांधणाऱ्या बाईच्या घरी मात्र ताटात बहुधा भात असतो, आणि भाजी असली तर बटाट्याची.

हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे आणि पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसास दरमहा ५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. या व्यवस्थेने पोटाची भूक भागविली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु धान्याने पोट भरते, रक्त भरत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रत्येक प्रौढाला रोज किमान ४०० ग्रॅम भाज्या व फळे खाण्यास सांगते. चार प्रौढांच्या घराला याचा अर्थ दररोज दीड किलोहून अधिक. रोजंदारीवरच्या घराला हा हिशेब कसा जुळावा?

मावळची जमीन नापीक आहे, असे कोणी म्हणणार नाही. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेले ‘इंद्रायणी’ वाण आज महाराष्ट्रभर खाल्ले जाते. तळेगाव परिसरातील हरितगृहांतले गुलाब तर परदेशी जातात. शेतकऱ्याने गुलाब लावला म्हणून त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. गुलाबाला शीतगृह आहे, वाहतूक आहे, ठरलेले गिऱ्हाईक आहे. दुधालाही सहकारी संघांनी गावोगाव रोजच्या संकलनाची सोय करून दिली. म्हणून दोन म्हशींचा धनीही टिकला. पाच-दहा गुंठ्यांतल्या मेथी-पालकाला अशी कोणतीच सोय लाभली नाही. जो माल आज विकला न गेल्यास उद्या फेकावा लागतो, त्याचा भाव विकणारा ठरवीत नसतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा ठिकाणी जुलैमध्ये टोमॅटो पिकविण्याची भाषा कोणी करू नये. तो जुन्नर-नारायणगावाकडूनच यावा. परंतु पावसाळ्यात येथील डोंगर टाकळा, भारंगी, करटोली देतात आणि कातकरी बाया त्या रस्त्याच्या कडेला भिजत विकतात. उतारांवर नाचणी येते. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, तांदळात त्याचा विसावा हिस्साही नसतो. हिवाळ्यात, जेथे पाणी आहे तेथे, पालेभाजी सहज होते. उणीव आहे ती खात्रीच्या खरेदीची.

ही खात्री सार्वजनिक खरेदीतून देता येईल. शाळेतील पोषण आहाराच्या निकषांनुसार प्राथमिक वर्गातील प्रत्येक मुलामागे रोज ५० ग्रॅम भाजी धरलेली आहे. दोनशे मुलांच्या शाळेला म्हणजे रोज १० किलो. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही रक्कम क्षुल्लक. लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र महिन्याकाठी दोन क्विंटलांचे बांधलेले गिऱ्हाईक. त्यात अंगणवाड्या, वसतिगृहे आणि रुग्णालये मिळविली, तर पेरणीपूर्वीच मागणी ठरू शकते. ब्राझीलने २००९ च्या कायद्याने शालेय आहाराच्या केंद्रीय निधीपैकी किमान ३० टक्के रक्कम कौटुंबिक शेतीच्या मालावर खर्च करणे बंधनकारक केले. महाराष्ट्राला हे अशक्य नाही. अट एकच, पैसे आठवड्याच्या आत मिळाले पाहिजेत. देयके महिनोन्‌महिने अडकणार असतील, तर शेतकरी पुन्हा दलालाच्याच दारी जाईल.

दुसरी गरज जागेची आहे. २०१६ साली फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त झाला आणि शेतकऱ्याला थेट विक्रीची वाट मोकळी झाली. परंतु कायद्याने वाट मोकळी झाली तरी बसायला ओटा मिळत नाही. तुंगार्लीसारख्या वस्तीत छप्पर असलेला, पाण्याची सोय असलेला आणि कामकरी माणसे घरी परततात त्या सायंकाळच्या वेळी भरणारा बाजार हवा. नगरपरिषदेला हा खर्च जड जाऊ नये. पर्यटकांच्या मोटारींसाठी जागा शोधता येते, तर वीस भाजीवाल्यांसाठीही शोधता येईल.

मात्र एका धोक्याची जाणीव ठेवावी लागेल. असा बाजार बंगलेवाल्यांसाठी ‘सेंद्रिय’ मालाचे महागडे दुकान होऊन बसला, तर शेतकऱ्याला दोन पैसे अधिक मिळतील, पण मूळ प्रश्न जागच्या जागीच राहील. म्हणून या प्रयोगाचे यश विक्रीच्या आकड्यांवरून मोजू नये. दिवसभर दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात राबलेली बाई सायंकाळी घरी जाताना तेथून मेथीची जुडी घेऊन गेली की नाही, एवढेच पाहावे.