दरोडेखोर हा तारणहार नव्हे!



भोरच्या पेठेपासून वेल्ह्याच्या डोंगरवस्तीपर्यंत आता चित्रपट मोबाइलवरून घराघरांत शिरला आहे. एच. विनोद दिग्दर्शित ‘थुनिवू’ हा तमिळ चित्रपट 11 जानेवारी 2023 रोजी प्रदर्शित झाला. त्यात अजित कुमार यांनी रंगविलेला नायक बँकेवर दरोडा घालतो आणि म्युच्युअल फंडाच्या नावाखाली सामान्य माणसांस नागविणाऱ्या बँकचालकांचे बिंग फोडतो. प्रेक्षक टाळ्या पिटतात. अशा चित्रपटांचे रोगनिदान खोटे नाही. परंतु ते सांगतात ते औषध आपणांस मारक आहे.

सत्य पाहावयाचे तर पुण्याकडे पाहा. ऑगस्ट 2018 मध्ये कॉसमॉस बँकेतून संगणकाच्या मार्गाने 94 कोटींहून अधिक रुपये लुटले गेले. त्या लुटीने कोणत्या गरिबाची चूल पेटली? 1912 साली स्थापन झालेल्या रुपी बँकेवर 2013 मध्ये निर्बंध आले आणि 2022 मध्ये तिचा परवाना रद्द झाला. एवढी वर्षे ठेवीदार स्वतःच्याच पैशासाठी तिष्ठत राहिले. त्यांच्या मदतीला कोणी बंदूकधारी नायक धावला काय? नाही. ठेव विम्याची मर्यादा 2020 मध्ये 5 लाखांवर गेली, 2021 मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि निर्बंधांनंतर 90 दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली. दिलासा आला तो कायद्याच्या वाटेने. तो फार उशिरा आला, हे खरे. परंतु तो दोष दूर करावयाचा तर कायदा अधिक धारदार केला पाहिजे, तो पायदळी तुडवून भागणार नाही.

कोणी विचारील, मग उमाजी नाईकांचा गौरव का करता? भोरनजीक उत्रोळीस 15 डिसेंबर 1831 रोजी ते पकडले गेले. त्यांच्या काळी रयतेला ना मत होते, ना मूलभूत हक्क. दाद मागण्याची दारेच बंद असताना त्यांनी बंड केले. आपली स्थिती तशी आहे काय?

आणखी एक गोष्ट विसरू नका. पडद्यावरील नट दरोडा घालतो तेव्हा तो वीर ठरतो; परंतु 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, तरी संशयाची नजर अद्याप गेलेली नाही. चोरी कोठेही होवो, पोलीस प्रथम पारध्याच्या पालावर जातात. दरोड्याचे कौतुक धनवंतांस परवडते. त्याची किंमत मात्र दुबळ्यांच्या पाठीवरून वसूल होते.

25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी हेच दोन धोके दाखविले होते: घटनात्मक मार्ग खुले असताना घटनाबाह्य मार्ग धरणे आणि राजकारणात व्यक्तिपूजा करणे. दरोडेखोर नायकाच्या चित्रपटात हे दोन्ही धोके एकत्र नांदतात. शिवाय, न दिलेले घेणार नाही, असे शील ज्या घराने ग्रहण केले आहे, त्या घरातील मुलांनी कोणाचा आदर्श घ्यावा?

तेव्हा जागे व्हा! बचत खात्याच्या फलकाखाली कोणी फंडाचा कागद पुढे सारला, तर वाचल्याविना सही करू नका. ठेव विमा फंडास लागू नाही, पतसंस्थेतील ठेवीसही नाही. मूलभूत बचत खात्यात किमान शिल्लक ठेवण्याची सक्ती नाही, हे बँकेस ठणकावून सांगा. फसवणूक झाली तर प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करा आणि तिची पोच घ्या. 30 दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा; तेथे शुल्क लागत नाही. एकटे जाऊ नका, दहा घरे मिळून जा.

पडद्यावरील नायक तीन तासांत निघून जातो. पोच घेतलेला अर्ज मात्र तुमच्या हाती राहतो. तेच तुमचे शस्त्र आहे. ते चालवावयास शिका!