गादा, जाळे आणि औंधची घटना

औंधच्या यमाईच्या डोंगरावरून समुद्र दिसत नाही. तरीही सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर डॉल्फिन आणि मच्छिमार यांच्यात जो तंटा चालला आहे, त्याचा विचार करताना औंधची आठवण होणे अपरिहार्य आहे.

कोकणात ज्याला गादा म्हणतात तो पाठीवर कुबड असलेला डॉल्फिन किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातच राहतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१७ साली त्यास संकटग्रस्त ठरविले. काही वर्षांच्या अंतराने एकच पिलू देणाऱ्या या जातीला एकेक मृत्यू जड जातो. पाठीवरील पराच्या छायाचित्रांवरून एकेक प्राणी ओळखणारे तरुण संशोधक सिंधुदुर्गात मच्छिमारांनाही भेटले, ही गोष्ट मोलाची. मच्छिमारांची तक्रार स्पष्ट आहे : गादा जाळ्यातील मासळी पळवितो आणि जाळेही फाडतो. दोघांचीही भूक त्याच उथळ पाण्यावर भागते, आणि ते पाणी भांडवलदारांच्या पर्ससीन नौका उपसून नेतात. २०१६ साली शासनाने त्यांवर निर्बंध घातले, २०२१ साली दंड वाढविला. परंतु पारंपरिक मच्छिमारांच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. शिवाय प्रतिध्वनीवर भक्ष्य शोधणाऱ्या या प्राण्यामागे पर्यटकांच्या यांत्रिक नौका घरघरत धावतात. मासेमारी परवडेनाशी झालेल्या घरांतील मुलेच त्या पुष्कळदा चालवितात, हेही विसरता कामा नये.

१९७२च्या वन्यजीव कायद्याने डॉल्फिनला संरक्षण दिले. १९८७ साली मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा मच्छिमारांचा विरोध ओढवून घेतला गेला. संरक्षित प्राण्याच्या सुटकेसाठी स्वतःचे जाळे कापणाऱ्यास २०१८पासून २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची तरतूद आहे. ती स्वागतार्ह आहे. पण गाद्यानेच जाळे फाडले तर काय, याचे उत्तर तिच्यात नाही. असे प्रश्न मुंबईच्या कार्यालयात सुचत नाहीत, होडीत बसणाऱ्याला सुचतात.

१९३९ साली राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्याने औंधच्या प्रजेला स्वराज्याची घटना दिली आणि गावाचा कारभार गावाने निवडलेल्या पंचायतीकडे सोपविला. संस्थान लहान होते, आणि १९४८च्या विलीनीकरणाबरोबर प्रयोगही संपला. मात्र, ज्याला परिणाम भोगावे लागतात त्याने निर्णय घ्यावा, हे त्यामागील तत्त्व किनाऱ्यावर अद्याप पोहोचलेले नाही.

आरंभ तारकर्लीपासून करता येईल. कळपामागे किती नौका जाऊ द्यायच्या आणि किती अंतर राखायचे, हे तेथील मच्छिमारांच्या सभेने ठरवावे. संशोधकांनी जमविलेली माहिती त्या सभेपुढे मराठीत ठेवावी. आणि सभेचा निर्णय मत्स्य व वन या दोन्ही खात्यांवर बंधनकारक असावा.