गोंदाचे बाटिक

बाटिकमध्ये रेघ मारायची ती रंग लागू द्यायचा नाही तिथे. जावामधले कारागीर ‘चांतिंग’ या तांब्याच्या बारीक चोचीच्या साधनाने वितळलेले मेण कापडावर सोडतात, कापड रंगात बुडवतात आणि शेवटी उकळत्या पाण्यात मेण उतरवतात. रवींद्रनाथ टागोर १९२७ साली जावाला गेले होते. शांतिनिकेतनात ही कला रुजली ती साधारण त्याच काळात. आठ वर्षांच्या मुलाच्या हाती मात्र गरम मेण देता येत नाही. वर्गात त्याची जागा गोंद घेतो.

गोंद पाण्यात सुटणारा, शाळेत वापरतात तसा पारदर्शक हवा. सुतारकामाचा पांढरा गोंद वाळला की कापड सोडत नाही. कापड सुती: मांजरपाट किंवा जुन्या चादरीचा तुकडा. कोऱ्या मांजरपाटाची खळ आधी धुऊन काढावी, नाहीतर ना गोंद मुरतो ना रंग.

बाटलीचे टोक कापडाला टेकवूनच रेघ ओढायची. मुलांना वरून धार सोडायला आवडते. पण तसा गोंद वरच्यावर राहतो आणि रंग खालून शिरतो. कापड उलटून पाहावे. मागेही रेघ ओली दिसली तर काम जमले.

वाळायला एक रात्र द्यावी लागते, म्हणून हा तास दोन-तीन दिवसांत विभागलेला बरा. रंग अॅक्रिलिक, ताकाइतका पातळ केलेला. तोच ब्रश एका जागी पुन्हापुन्हा फिरवला तर ओलाव्याने गोंद सुटू लागतो. अॅक्रिलिकचा डाग कपड्यांवरून जात नाही, तेव्हा अंगात जुना शर्ट असावा. रंग पुरता सुकल्यावर कापड कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून अंगठ्याने चोळायचे. बुळबुळीत गोंद निघून पांढरी रेघ वर येते, आणि सगळा वर्ग बादलीभोवती जमतो.

मेणाच्या बाटिकमध्ये अनेकदा दिसणारे बारीक तडे मात्र यात मिळत नाहीत. मेण तडकते, गोंद लवचिक राहतो. तडे हवे असतील तर अर्धी वाटी मैदा, तितकेच पाणी आणि दोन चमचे तुरटीची पूड यांची गुठळ्या नसलेली पेज कापडभर पसरावी. कडक वाळल्यावर कापड चुरगाळून वरून गडद रंग चोळला की तो भेगांत उतरतो. नायजेरियातल्या योरुबा स्त्रिया निळीच्या कापडावर कसावाची अशीच खळ वापरतात. मैदा शेवटी खरवडून कचऱ्यात टाकावा. मोरीत धुतला तर जाळी तुंबते.